यंत्रणा बिघडली, तर गाडी थांबलीच पाहिजे

२ जून २०२३ रोजी संध्याकाळी ओडिशाच्या बालासोर जिल्ह्यातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसच्या चालकासमोर मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. ताशी १२८ किलोमीटर वेगाने गाडी लूप लाइनवर उभ्या असलेल्या, लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारच्या रुळावरून निघालेल्या बंगळुरू–हावडा गाडीच्या मागच्या डब्यांवर जाऊन पडले. २९० हून अधिक माणसे मरण पावली, हजारावर जखमी झाली. चालकाने सिग्नल मोडला नव्हता, वेगमर्यादा ओलांडली नव्हती. त्याने सिग्नलवर विश्वास ठेवला होता, आणि त्याच्या मागच्या डब्यांत बसलेल्या प्रत्येकाने तो सिग्नल न पाहताच त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून रेल्वे सुरक्षेची सगळी चर्चा ‘कवच’ या एका शब्दाभोवती, म्हणजे धोका दिसताच गाडी आपोआप रोखणाऱ्या यंत्रणेभोवती, फिरते आहे. नवी यंत्रे हवीतच. पण यंत्र बसवले की सुरक्षितता आपोआप आली, हा समज जितका सोयीचा तितकाच घातक आहे. तिकिटासोबत रेल्वे आपल्याला एक हमी देते: काहीही बिघडले तरी गाडी थांबेल, धोक्याकडे जाणार नाही. ही हमी कशावर उभी आहे आणि ती कुठे मोडते, हे नागरिक म्हणून आपण समजून घेतले नाही, तर उद्या कुणाला जाब विचारायचा हेही आपल्याला कळणार नाही.

१. सुरक्षित यंत्रणा म्हणजे कधीच न बिघडणारी यंत्रणा, असे कुणीही जाणता अभियंता म्हणत नाही. तार तुटते, बॅटरी उतरते, पाणी शिरते. प्रश्न एवढाच, की बिघडल्यावर यंत्रणा कोणत्या बाजूला पडते? विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले, त्याचे मर्म यातच आहे. रुळाच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. रुळांतून वीज पोहोचत असेल तरच रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिच्या चाकांतून वीज वळते, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी रिले पडतो, तार निघाली तरी पडतो, बॅटरी संपली तरी पडतो. रिले पाडण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते, आणि गुरुत्वाकर्षण कधी सुटीवर जात नाही. संपर्काची टोके एकमेकांना वितळून चिकटू नयेत म्हणून एका बाजूला कार्बन वापरतात, इतक्या बारकाईने हा विचार झालेला आहे. मुंबईत मुसळधार पावसात शीव-कुर्ल्याच्या पट्ट्यात रुळांवर पाणी चढते, गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो, आणि फलाटावर हजारो माणसे चडफडत उभी राहतात. पाणी का तुंबते याबद्दल महापालिकेला आणि रेल्वेला जरूर धारेवर धरा. पण तो लाल दिवा आपले काम चोख बजावत असतो. शंका येताच लाल होणारा सिग्नल हा प्रवाशाचा सर्वांत मोठा मित्र आहे, आणि त्याला कुठल्याही कारणाने हिरवा करण्याची घाई हा प्रवाशावरचा हल्ला आहे.

२. संगणक आला आणि हे सारे अवघड झाले. सॉफ्टवेअरला वजन नसते. ते बिघडल्यावर खाली पडत नाही, कुठल्याही दिशेला जाऊ शकते. २३ जुलै २०११ रोजी चीनमध्ये वेन्झोजवळ वीज कोसळली आणि स्थानकातल्या नियंत्रण उपकरणाचा फ्यूज उडाला. उपकरणाला रुळांची नवी माहिती मिळेना; ते जुनीच माहिती धरून बसले. त्या माहितीप्रमाणे रूळ मोकळा होता. प्रत्यक्षात तिथे गाडी होती. मागून दुसरी गाडी येऊन धडकली, ४० माणसे गेली. माहिती येणे बंद झाले, की ‘रूळ व्यापलेला आहे’ असेच मानायचे, हा दीडशे वर्षांपूर्वीच्या रिलेला पाळता आलेला नियम त्या आधुनिक उपकरणाच्या रचनेत सुटून गेला होता. ब्रिटनमध्ये वेल्सच्या केंब्रियन मार्गावर १९ ऑक्टोबर २०१७ रोजी संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला आणि तात्पुरत्या वेगमर्यादा गाड्यांपर्यंत पोहोचेनाशा झाल्या. नियंत्रकाच्या पडद्यावर मात्र त्या लागू असल्याचे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेत एक गाडी ८० ने धावली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तिथल्या चौकशी यंत्रणेने तरीही पूर्ण चौकशी केली आणि अहवाल जगासमोर ठेवला.

या धोक्यावर उपाय आहेत. दोन किंवा तीन संगणक तोच हिशेब स्वतंत्रपणे करतात. उत्तरे जुळली तरच सिग्नल सुटतो, जुळली नाहीत तर यंत्रणा स्वतःला बंद करून सगळे लाल करते. पॅरिसच्या चालकविरहित १४ क्रमांकाच्या मेट्रो मार्गासाठी, १९९८ मध्ये तो सुरू होण्यापूर्वी, सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअर गणिती पद्धतीने सिद्ध करून घेतले होते. सर्वोच्च सुरक्षा पातळीच्या, म्हणजे ‘सिल-४’ प्रमाणपत्राच्या यंत्रणेत एखाद्या सुरक्षा-कार्याची धोकादायक चूक दहा कोटी तासांतून एकदाही होता कामा नये, अशी अपेक्षा असते. दहा कोटी तास म्हणजे ११ हजार वर्षांहून अधिक. ‘कवच’ला हेच प्रमाणपत्र आहे, आणि आपल्याच अभियंत्यांनी ते मिळवले याचा अभिमान जरूर असावा. पण हे प्रमाणपत्र पेटीच्या आतल्या यंत्राचे आहे. पेटीबाहेरच्या तारेचे प्रमाणपत्र कुणीही, कधीही दिलेले नाही.

३. बहानग्याला नेमके तेच घडले. तिथे जुनाट दांड्यांची केबिन नव्हती. सांधा आणि सिग्नल यांचा मेळ संगणकाने राखणारे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होते. संगणकाने गणित चुकवले नाही. त्याला खोटी माहिती पुरवली गेली. ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विद्युत अडथळा बदलण्याचे काम त्या दिवशी चालू होते. स्थानकाच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत, म्हणजे रुळाकाठच्या उपकरणांच्या छोट्या खोलीत, पूर्वी कधीतरी सर्किटमध्ये केलेल्या बदलात आणि त्या दिवशीच्या कामात त्रुटी राहिल्या, असा निष्कर्ष रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीने काढला. तारांवरची नावे चुकीची होती आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहिली होती. चुकीची जोडणी झाली. सांधा लूप लाइनकडे असताना संगणकाला तो मेन लाइनकडे असल्याचा निरोप मिळत राहिला. संगणकाने त्या निरोपावर हिरवा दिला. ‘कवच’ही आपली माहिती याच इंटरलॉकिंगकडून घेते. तिथे ‘कवच’ असते तरी हा अपघात टळला नसता, हे रेल्वे बोर्डाने स्वतःच त्या दिवसांत सांगितले होते. मग कोट्यवधींच्या संगणकाला खोटी साक्ष देणारी ती तार तपासली कुणी? तिचा नकाशा कुणाच्या सहीने मंजूर झाला? काम संपल्यावर सांधा प्रत्यक्ष जागेवर कुठे आहे आणि पॅनेलवर कुठे दिसतो, हे जुळवून पाहिल्याशिवाय गाडी सोडण्याची मुभा कशी मिळाली? दुरुस्तीनंतरची चाचणी ही सुरक्षा यंत्रणेचाच भाग आहे, आणि ती टाळणे म्हणजे गाडीचे ब्रेक काढून घेणे आहे.

४. अशी चूक जगात पहिल्यांदा झाली का? नाही. ज्याला सिग्नलचे काम कळते त्याला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनची कथा माहीत असतेच, किंवा असायला हवी. १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी, कामावर निघालेल्या माणसांनी भरलेली गाडी तिच्यापुढे उभ्या असलेल्या गाडीवर मागून आदळली. ३५ जण ठार झाले. सिग्नलच्या नव्या जोडणीचे काम चालू होते. एका तंत्रज्ञाने जुनी तार एका टोकाकडून सोडवली, पण ती कापली नाही, तिच्या उघड्या टोकाला आवरण घातले नाही. दोन आठवड्यांनी शेजारचे काम करताना ती हलली, आपल्या जुन्या जागी टेकली आणि रिलेला वीज देऊ लागली. रुळावर गाडी उभी असताना सिग्नल लाल झाला नाही. रिले निर्दोष होता, संकल्पना निर्दोष होती, एका मोकळ्या तारेने सगळे खोटे ठरवले.

त्या तंत्रज्ञाला तुरुंगात टाकून ब्रिटनला हात झटकता आले असते. अँथनी हिडन यांच्या चौकशीने त्याची चूक लपवली नाही, पण तिथे थांबायलाही नकार दिला. त्या माणसाने तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी घेतली होती. त्याची काम करण्याची चुकीची पद्धत अनेक वर्षांची होती आणि ती कुणी वरिष्ठाने कधी सुधारली नव्हती. त्याचे काम दुसऱ्या कुणी तपासायला हवे होते, तपासले नाही. तारा मोजायला हव्या होत्या, मोजल्या नाहीत. अहवालात ९३ शिफारशी होत्या. ज्याने काम केले त्याने नव्हे, तर दुसऱ्या माणसाने ते स्वतंत्रपणे तपासावे, हा नियम पक्का झाला. बारा तासांहून लांब पाळी नाही, दोन पाळ्यांमध्ये बारा तासांची विश्रांती, अशा मर्यादा रूढ झाल्या; तिथल्या रेल्वेत आजही त्या हिडन यांच्या नावाने ओळखल्या जातात. ब्रिटिश रेलवर खटला होऊन अडीच लाख पौंडांचा दंड झाला. दंड संस्थेला झाला, ही गोष्ट लक्षात घ्या.

बहानग्यानंतर आपल्याकडे सीबीआयने रेल्वेच्या सिग्नल विभागातल्या तिघांना अटक केली. गुमट्यांना आणि रिले-खोल्यांना दुहेरी कुलूप लावण्याचे आदेश निघाले. दोषींवर कारवाई व्हावी, याबद्दल वाद नाही. पण गुमटीत उन्हापावसात वाकून काम करणाऱ्या माणसाला त्या दिवशी किती तास झाले होते? त्याच्या हातातला नकाशा खरा होता का? त्याच्यावर किती स्थानकांची जबाबदारी होती, आणि त्याच्या विभागातल्या किती जागा रिकाम्या होत्या? कुलूप चोराला अडवते, थकव्याला अडवत नाही. खालच्या तिघांवर थांबणारी चौकशी चौथ्याला त्याच गुमटीत, त्याच नकाशासह, तेवढेच थकलेले पाठवते.

५. आणि इशारे मिळाले नव्हते, असे कुणी म्हणू नये. १६ मे २०२२ रोजी त्याच खरगपूर विभागात, बांकरा नयाबाज स्थानकात चुकीच्या जोडणीमुळे आणि केबलमधल्या दोषामुळे असाच प्रकार घडला होता. त्यानंतर चुकीच्या जोडण्यांचा बंदोबस्त केला असता तर बहानग्याचा अपघात झालाच नसता, असे आयुक्तांच्या अहवालात नमूद आहे. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकातल्या होसदुर्ग रोड स्थानकात संपर्क क्रांती एक्स्प्रेसच्या चालकाने सांधा चुकीच्या दिशेला असल्याचे पाहून गाडी थांबवली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहून यंत्रणेत गंभीर दोष असल्याचे आणि ते दूर न केल्यास मोठा अपघात होऊ शकेल असे बजावले. चार महिन्यांच्या आत बहानगा घडले. एक इशारा त्याच विभागातला, दुसरा लेखी. यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता असतो? माणसे मेल्याशिवाय जो इशारा फायलीतून बाहेर पडत नाही, त्याची जबाबदारी फाइल अडवणाऱ्याने घेतलीच पाहिजे.

६. यंत्रणेने इमानाने लाल दाखवला, मग पुढे काय? या प्रश्नाकडे आपण फारसे पाहिलेलेच नाही. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून नादुरुस्त होते. गाड्या थांबवून ठेवणे परवडत नाही, म्हणून चालकांना सिग्नल ओलांडण्याचा परवाना कागदावर दिला जात होता. त्याच कागदावर कांचनजंगा एक्स्प्रेस पुढे गेली, आणि त्याच कागदावर मागून मालगाडी आली. नऊच्या सुमारास मालगाडी कांचनजंगावर आदळली. मालगाडीचा चालकही त्यात गेला. चौकशी सुरू होण्याआधी, त्याच दिवशी, त्या मृत चालकाने सिग्नल पाळला नाही असे जाहीर झाले. पुढे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालातून काय बाहेर आले? किती वेगाने जायचे, कुठे थांबायचे, याबद्दल चालकांना आणि स्थानकांना नीट सूचनाच नव्हत्या. त्या सकाळी तोच परवाना घेतलेले वेगवेगळे चालक वेगवेगळ्या वेगाने गेले होते. हा अपघात केव्हाही घडणारच होता, असे अहवालाने म्हटले. सिग्नल बंद पडल्यावर जे काही तास जातात, त्या तासांत सगळी सुरक्षा एका छापील कागदावर आणि एका माणसाच्या समजुतीवर येऊन ठेपते. जिथे यंत्रणा थांबवते आणि माणूस कागदाने चालवतो, त्या जागेवर ‘कवच’ची सर्वांत जास्त गरज आहे. ज्या मार्गावर कागदी परवान्याने गाड्या सोडल्या जातात, त्या मार्गाला सुरक्षित म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

७. पैसा नव्हता, माहिती नव्हती, ही सबबही टिकत नाही. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. १९,००० किलोमीटरच्या मुख्य मार्गांवर पाच वर्षांत आधुनिक, गाडीवर थेट नियंत्रण ठेवणारी सिग्नल यंत्रणा बसवा, असे त्यात सांगितले होते. खर्च धरला होता २०,००० कोटी रुपये. पाच वर्षे २०१७ मध्ये संपली. ‘कवच’ राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारले गेले २०२० मध्ये, आणि बहानग्याच्या दिवशी ते दक्षिण मध्य रेल्वेच्या सुमारे दीड हजार किलोमीटरवर होते. देशाचे जाळे ६८ हजार किलोमीटरचे आहे. त्याआधी २ ऑगस्ट १९९९ रोजी गैसाळ येथे झालेल्या दोन गाड्यांच्या टकरीनंतर आपल्या कोकण रेल्वेने विकसित केलेले टक्करविरोधी यंत्र ईशान्य सीमांत रेल्वेवर बसवले गेले होते. त्याचेही नाव ‘रक्षा कवच’च होते. म्हणजे कल्पना देशात होती, अभियंते होते, अहवाल होता. नव्हती ती तातडी.

काकोडकर समितीची दुसरी शिफारस मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र असे, कायद्याने स्थापन केलेले रेल्वे सुरक्षा प्राधिकरण हवे, असे समितीने म्हटले होते. आज गाड्या चालवणारे, सुरक्षेचे नियम करणारे आणि त्या नियमांतून सूट देणारे बहुतांशी एकाच छताखाली बसतात. सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, ही व्यवस्था स्वातंत्र्यासाठीच केलेली आहे. पण त्यांच्या शिफारशी अमलात आणायच्या की नाही हे अखेर रेल्वेच ठरवते. आयर्लंडमध्ये आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी सहलीची गाडी उतारावरून मागे घसरली, ८० माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून स्वयंचलित ब्रेक, इंटरलॉकिंग आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडणारी ब्लॉक पद्धत सक्तीची केली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काही महिन्यांत जे एका संसदेला जमले, ते आपल्या संसदेला दशक उलटूनही जमू नये, हे आपल्याला मान्य आहे का?

८. आता आपल्याविषयी. रविवारी मेगाब्लॉक जाहीर झाला की आपण संतापतो. तो ब्लॉक म्हणजे सिग्नलवाल्यांना काम करायला आणि केलेले काम तपासायला मिळणारा वेळ आहे. चालत्या गाड्यांच्या मध्ये, ‘लवकर आटपा’ असा तगादा चालू असताना जोडलेली तार कशी असते, हे आपण बहानग्याला पाहिले. रेल्वेने ब्लॉक पुरेसा घ्यावा, वेळेत संपवावा, पर्यायी व्यवस्था करावी, असा आग्रह धरा. पण चाचणी अर्धवट टाकून गाड्या सुरू करा, असा दबाव आपल्याकडून तरी येऊ नये. रोज ७० लाखांहून अधिक माणसे मुंबईच्या लोकलने जातात. त्या गाड्यांमध्ये लाल सिग्नलवर चालकाला सावध करणारी आणि गाडी रोखणारी यंत्रणा १९८० च्या दशकापासून आहे, आणि आता तिथे ‘कवच’ येऊ घातले आहे. हा बदल होईल तेव्हा हजारो तारा निघतील, हजारो नव्या लागतील, तेही गाड्या बंद न ठेवता. क्लॅपहॅमची परिस्थिती नेमकी हीच होती.

म्हणून मुंबईच्या, पुण्याच्या, कोकणातल्या प्रवासी संघटनांनी आणि आपण सगळ्यांनी आपल्या खासदाराकडे नव्या गाडीची आणि नव्या थांब्याची मागणी नेताना तिच्यासोबत आणखी चार मागण्या न्याव्यात. बहानग्याचा पूर्ण अहवाल प्रसिद्ध करा, आणि यापुढे प्रत्येक अपघाताचा, तसेच थोडक्यात टळलेल्या अपघाताचाही, अहवाल ठरावीक मुदतीत जनतेपुढे ठेवा. ब्रिटनची चौकशी शाखा २००५ पासून हे करते आहे. सिग्नलच्या प्रत्येक बदलानंतर काम न केलेल्या माणसाकडून स्वतंत्र चाचणी कायद्याने सक्तीची करा, आणि नकाशा व तार जुळल्याची सही नावानिशी नोंदवा. सिग्नल विभागातल्या रिकाम्या जागा आणि कर्मचाऱ्यांचे कामाचे तास विभागवार जाहीर करा. आणि काकोडकर समितीने सांगितलेल्या स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक संसदेत आणा. ते कोणत्या अधिवेशनात येणार, याचे उत्तर सभागृहात, तारखेसह द्या.